भाजी पिकवायची तर चारचौघांत शिका

जून लागला की शहरातल्या रोपवाटिकांत गर्दी उसळते. चार कुंड्या, कोकोपीटची वीट, बियाण्यांची सात-आठ पाकिटं आणि एक नवी कोरी झारी घेऊन माणसं उत्साहाने घरी येतात. गणपतीपर्यंत निम्म्या कुंड्यांत नुसती माती उरते. दिवाळीच्या साफसफाईत त्या जिन्याखाली जातात आणि ‘आमच्या हाताला गुणच नाही’ असं म्हणून विषय मिटतो. हाताला गुण असतो हो. शिकायची जागा तेवढी चुकते.

पाकिटावरच्या सूचना वाचून, बाल्कनीत एकट्याने भाजी पिकवायला शिकणं फार अवघड आहे. तेच काम सात-आठ घरांनी मिळून केलं तर बरंच सोपं होतं. सोसायटीची गच्ची, इमारतीमागची मोकळी पट्टी, शाळेचं आवार, देवळामागची पडीक जागा, अंगणवाडीची परसबाग, यातलं काहीही चालेल. ऊन आणि पाणी हवं, आणि आठवड्यातून एकदा मातीत हात घालायला तयार असलेली माणसं हवीत. ज्यांनी आजवर एक रोपही लावलेलं नाही आणि ज्यांनी लावून हात टेकले, त्या दोघांसाठी हे लिहितो आहे.

एकट्याला वर्षात एकच पावसाळा

आज आमटी बिघडली तर उद्या पुन्हा करून बघता येते. भेंडीचं तसं नाही. जूनमध्ये पेरलेल्या भेंडीची पानं ऑगस्टमध्ये पिवळी पडली, तर नेमकं कशाने बिनसलं ते पडताळायला पुढचा हंगाम यावा लागतो. पाणी जास्त झालं, खत कमी पडलं, की पांढऱ्या माशीने केवडा रोग आणला? एकाच कुंडीकडे बघून सांगता येत नाही, कारण ताडून पाहायला शेजारी दुसरी कुंडी नसते.

आता तीच भेंडी एकाच आठवड्यात दहा घरांनी दहा वाफ्यांत पेरली असं समजा. एकाने बी रात्रभर भिजवलं, एकाने कोरडंच टाकलं. एकीने वाफ्यावर पालापाचोळ्याचं आच्छादन केलं, शेजारच्यांनी माती उघडी ठेवली. एकाने रोज पाणी दिलं, दुसऱ्याने बोट घालून बघून मगच दिलं. महिन्याभरात दहा वाफे दहा गोष्टी सांगू लागतात आणि त्या सगळ्यांना दिसतात. एकट्या माणसाला हे कळायला दहा पावसाळे लागले असते.

महाराष्ट्राला ही रीत नवी नाही. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी याच पायावर ‘प्रयोग परिवार’ उभा केला. शेतकऱ्याने आपल्याच रानात प्रयोग करायचा, तो बारकाईने बघायचा आणि जे दिसलं ते दुसऱ्या शेतकऱ्याला सांगायचं. आपल्याकडच्या द्राक्षशेतीच्या वाढीत या देवाणघेवाणीचा मोठा वाटा आहे. शहरातल्या घराच्या गच्चीवरही सूर्यप्रकाश आणि पालापाचोळा यांच्या बळावर घरापुरतं पिकवता येतं, हेही ते सांगत असत. त्यांच्या विचारातून प्रेरणा घेऊन प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर बाग सुरू केली. स्वयंपाकघरातला ओला कचरा तिथेच जिरवायचा आणि त्याच्याच मातीत भाज्या-फळं लावायची, असा तो खटाटोप. तिथे काम करता करता पुढे कितीतरी मुंबईकर शिकले. ते भाषण ऐकून शिकले नाहीत, शेजारच्याने काय केलं ते बघून शिकले.

शिकवणारा फाटकाशीच बसलेला असतो

सोसायट्यांत बाग काढायची ठरली की पहिला प्रश्न येतो, ‘शिकवणार कोण?’ मग कुणीतरी महागडी कार्यशाळा सुचवतं. कार्यशाळेला जरूर जा, पण त्याआधी फाटकाशी बसलेल्या वॉचमनला आणि घरकामाला येणाऱ्या मावशींना विचारा. यातली बरीच माणसं मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून, घाटमाथ्यावरून आलेली असतात आणि त्यांचं अर्धं आयुष्य रानात गेलेलं असतं. शहरात त्यांच्या या विद्येला कुणी विचारत नाही.

आमच्या गच्चीवर दुधीचा वेल मांडवभर पसरला, पांढरी फुलं आली आणि पटापट गळू लागली. कुणी खत घाला म्हणालं, कुणी फवारणी सुचवली. पाण्याची टाकी बघायला वर आलेले वॉचमनमामा जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “ताई, ही समदी नर फुलं हायत. गळणारच ती. मादी मागून येती. फुलाच्या बुडाला बोटाएवढा दुधी दिसला का, ती मादी.” चार दिवसांनी तशी फुलं आली, पण त्यांच्या बुडाचे दुधीही पिवळे पडून गळायला लागले. तेव्हा मामा दिवेलागणीला वर आले. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. त्यांनी एक नर फूल तोडलं, पाकळ्या मागे सारल्या आणि मधला परागाने भरलेला दांडा मादी फुलाच्या मधोमध दोन-तीनदा हलकेच टेकवला. “इतक्या वर पाखरू कुठलं यायला? आपणच पाखरू व्हायचं,” ते म्हणाले. आठवड्यात तो दुधी वीतभर झाला.

दुधी आणि दोडक्याची फुलं दिवस कलताना उमलतात, लाल भोपळ्याची भल्या सकाळी. ज्या वेळी फूल उमलतं त्याच वेळी हे काम करायचं. हे पुस्तकातही मिळेल, पण एकदा डोळ्यांनी बघितलं की जन्मभर विसरत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. या माणसांना गुरू माना, फुकटचा गडी मानू नका. रविवारी तासभर शिकवलं तर तासाचे पैसे द्या आणि निघालेल्या भाजीत त्यांचा वाटा ठेवा. ‘मामा, तेवढं पाणी घाला हं’ म्हणून सगळं काम त्यांच्या गळ्यात मारलंत, तर बाग त्यांची होईल आणि तुम्ही कोरडेच राहाल.

हाताने शिकायच्या गोष्टी

पहिली गोष्ट पाणी. कुंडीतली बहुतेक रोपं तहानेने मरत नाहीत, रोजच्या लाडाने मरतात. वरची माती कोरडी दिसली म्हणून झारी उचलू नका. तर्जनी दोन पेरं आत घाला. आत ओल लागली तर आज सुट्टी. वाफ्यात काम करण्याआधी मूठभर माती उचलून दाबून बघा. तिचा गोळा झाला आणि बोटाने टोकरल्यावर सहज फुटला, तर माती वाफशावर आहे; पेरा, खुरपा, काय ते करा. गोळा चिकट राहिला तर दोन दिवस थांबा. गोळा झालाच नाही तर आधी पाणी द्या. वाफसा कळायला शेजारी जाणतं माणूस लागतं, कारण ‘सहज फुटला’ म्हणजे किती सहज, हे हातानेच कळतं.

दुसरी गोष्ट पेरणीची खोली. बी जितकं जाड, त्याच्या दोन-तीन पट खोल, हा साधा हिशेब. माठाचं बी मातीवर भुरभुरून वर चिमूटभर खत चाळलं तरी पुरे, भेंडीला बोटाचं एक पेर पुरतं. नवशिके बहुधा खोल पेरतात आणि उगवलं नाही की बियाण्याला दोष देतात. धणे तसेच टाकू नका. चपलेच्या तळव्याखाली किंवा लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करा आणि मग पेरा. त्यांना उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तेवढा धीर धरा.

तिसरी गोष्ट विरळणी. मुळा, गाजर, पालक दाट उगवले की डोळ्यांना बरं वाटतं आणि उपटायला जिवावर येतं. पण दाटीत मुळा पोसत नाही, नुसता पाला वाढतो. दोन मुळ्यांत चार बोटं अंतर राहील इतके कोवळे मुळे काढायचेच. काढलेला पाला त्याच दिवशी पिठल्यात नाहीतर भाजीत जातो, वाया काही जात नाही. चारचौघांत असलात की शेजारची वहिनी तुमचा हात धरून हे करून घेते. एकटे असलात की दया आड येते.

चौथी गोष्ट किडीची ओळख. मावा, तुडतुडे, पांढरी माशी आणि पिठ्या ढेकूण ही चार नावं आणि त्यांची रूपं पहिल्याच हंगामात पाठ करा. वांग्याचा शेंडा मान टाकून वाळलेला दिसला तर तो खुडा आणि उभा चिरून बघा, आत शेंडा पोखरणारी अळी सापडेल. असे शेंडे वाफ्यात टाकू नका, नष्ट करा. आणि मारण्याआधी ओळखा. माव्याने भरलेल्या पानावर काळी, नारिंगी ठिपक्यांची, मगरीसारख्या आकाराची बारीक अळी फिरताना दिसली तर तिला हात लावू नका. ते ढालकिड्याचं पिल्लू आहे आणि ते मावा खातं. घाबरून फवारणारा माणूस आधी आपल्याच राखणदाराला मारतो.

फवारायचंच झालं तर पाच टक्के निंबोळी अर्क घरी करता येतो. ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी थोड्या पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्याने गाळा, पाणी घालून एक लिटर करा आणि चिमूटभर साबणाचा चुरा घाला. फवारणी संध्याकाळी करा, उन्हात अर्काचा जोर लवकर जातो. केवडा पडलेलं भेंडीचं झाड मात्र फवारून बरं होत नाही. पानांच्या शिरा पिवळ्या पडलेलं झाड दिसताच उपटा, नाहीतर पांढरी माशी तो रोग सगळ्या वाफ्यांत नेते. पुढच्या वेळी रोगाला दाद न देणारं वाण निवडा. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं ‘परभणी क्रांती’ याचसाठी नावाजलेलं आहे.

सुरुवात काय लावून करावी

पहिल्याच फटक्यात ब्रोकोली आणि रंगीत ढोबळी मिरची लावू नका. त्यांना हवामान, खत आणि निगा सगळंच नेमकं लागतं. नवशिक्या गटाने ऑक्टोबरअखेरीस, पाऊस सरून हवा उतरल्यावर सुरुवात करावी. पहिलं पीक मेथीचं घ्या. बियाणं विकत आणायचीही गरज नाही, डब्यातले मेथीदाणे चालतात. तीन-चार दिवसांत उगवण दिसते आणि महिन्याभरात जुडी हातात येते. हातात लवकर काही आलं की माणसं टिकतात. सोबत पालक, मुळा, कोथिंबीर, लाल माठ लावा. पालक मुळासकट न उपटता वरून कापत गेलात तर तोच वाफा पुन्हा पुन्हा देतो.

त्याच सुमारास एका ट्रेमध्ये टोमॅटो, वांगी आणि मिरचीची रोपं करा. पंचवीस-तीस दिवसांनी, चार-सहा पानं आली की संध्याकाळच्या वेळी ती वाफ्यात लावा. टोमॅटोला लावतानाच काठीचा आधार रोवा. मागाहून रोवलीत तर मुळं दुखावतात. वाल आणि घेवडाही थंडीत चांगले येतात.

फेब्रुवारीत भेंडी, गवार, काकडी पेरा. उन्हाळ्यात मेथी-कोथिंबिरीच्या मागे लागू नका, ती लवकर फुलोऱ्यावर येते. मग मृगाच्या पावसावर वेल लावा: दोडका, कारलं, पडवळ, दुधी, तोंडली. कोकणात आणि मुंबईत जुलैचा पाऊस पालेभाज्यांना झोडपून काढतो. त्या दिवसांत अळूवर भरवसा ठेवा. आपल्या आज्यांनी ते उगीच परसात ठेवलं नव्हतं. मांडव मजबूत घाला. भरलेला वेल पावसात भिजला की त्याचं वजन किती होतं, ते मांडव पडल्यावरच कळतं.

जागा ठरवताना आधी ऊन मोजा. फळभाज्यांना दिवसाचं सहा तास थेट ऊन लागतं, पालेभाज्या तीन-चार तासांवर भागवतात. सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता गच्चीचा फोटो काढा, सावली कुठून कुठे सरकते ते कळेल. वाफ्याची खोलीही भाजीप्रमाणे ठेवा. पालेभाजीला सहा इंच पुरतात, टोमॅटो-वांग्याला फूटभर हवी, वेलाला त्याहून जास्त.

माती विकत आणण्याआधी कचरा बघा

बागेचा निम्मा खर्च माती आणि खतावर होतो आणि खताचा कच्चा माल रोज तुमच्या दारातून कचऱ्याच्या गाडीत जातो. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ ने मोठ्या गृहसंकुलांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं. ते खत कुठे वापरायचं, हा प्रश्न मग सोसायट्यांना पडतो. बाग हे त्याचं उत्तर आहे.

रीत साधी आहे. हवा खेळेल अशा पिंपात किंवा विटांच्या हौदात ओल्या कचऱ्याचा एक थर आणि त्यावर त्याच्या दुप्पट जाड कोरड्या पाल्याचा थर, असं रचत जायचं. आठवड्याला एकदा खालीवर करायचं. घाण वास आला तर ओल जास्त झाली असं समजून कोरडा पाला वाढवा. कोमट लागत नसेल आणि कोरडं पडलं असेल तर पाणी शिंपडा. दीड-दोन महिन्यांनी काळसर, भुसभुशीत, पहिल्या पावसानंतरच्या मातीसारख्या वासाचं खत झालं आणि त्यातली साल-देठं ओळखू येईनाशी झाली की ते तयार. अर्धवट कुजलेलं खत रोपाला घालू नका, मुळं जळतात. माती, खत आणि कोकोपीट किंवा कुजलेला पाला समभाग घेतलं की कुंड्यांचं मिश्रण होतं.

हिवाळ्यात झाडांखालचा पाचोळा जाळण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. तोच पोत्यात भरून ठेवा. वर्षभराचं कोरडं साहित्य आणि आच्छादन त्यातून निघतं.

दोन इशारे देतो. बांधकामाचा राडारोडा किंवा जुन्या गॅरेजखालची जमीन असेल तर तिथे थेट भाजी लावू नका, वर वाफे करून चांगली माती भरा. आणि सांडपाणी किंवा नाल्याचं पाणी भाजीला कधीही देऊ नका.

गच्चीवर लावणार असाल तर

गच्ची सगळ्यांची असते, म्हणून आधी सोसायटीच्या सभेत लेखी ठराव करून घ्या. तोंडी परवानगीवर उभी केलेली बाग नवी कमिटी आली की पहिल्या महिन्यात उचलली जाते.

मग वजनाचा विचार करा. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि एक फूट खोल वाफा ओल्या मातीने भरला तर त्याचं वजन साधारण साडेचार-पाच टन होतं. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय गच्चीवर माती पसरू नका. पाला-खत-कोकोपीटचं हलकं मिश्रण वापरा, ग्रो बॅगा आणि क्रेट कडेने, तुळयांच्या ओळीत ठेवा, आणि सगळं विटांवर किंवा स्टँडवर उचलून धरा म्हणजे खालून पाणी वाहील. पाणी जाण्याची तोंडं मे महिन्यातच साफ करा. कुंडीखालच्या ताटल्यांत पाणी साचू देऊ नका; डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. एवढं सांभाळलंत तर शेवटच्या मजल्यावरच्या रहिवाशांची तक्रार येणार नाही.

झाडांपेक्षा माणसं सांभाळा

सामूहिक बागा किडीने फारशा मरत नाहीत, कुरबुरींनी मरतात. म्हणून पहिली पेरणी होण्याआधी चार नियम कागदावर लिहा आणि नोटीस बोर्डावर लावा.

प्रत्येक घराला स्वतःचा एक छोटा वाफा द्या आणि एक मोठा वाफा सगळ्यांचा ठेवा. नुसता सामाईक वाफा असला की तो कुणाचाच नसतो. नुसते खासगी वाफे असले की कुणी कुणाला शिकवत नाही. सामाईक वाफ्यातली भाजी त्या आठवड्यात काम केलेल्यांत वाटा. तोडणीचा एक दिवस ठरवा, म्हणजे ‘माझी वांगी कुणी नेली’ हा वाद होणार नाही.

पाण्याच्या पाळीचा तक्ता करा. दिवाळीत आणि मे महिन्यात सगळे एकदम गावाला जातात, त्या दिवसांची पाळी दोन महिने आधी ठरवा. रासायनिक फवारणी करायची की नाही, हे सुरुवातीलाच एकमताने ठरवा. एकाच्या वाफ्यावरचं औषध वाऱ्याने सगळ्यांच्या पानांवर बसतं. वर्गणी अगदी थोडी ठेवा आणि हिशेब महिन्याला बोर्डावर लावा.

आणि एक वही ठेवा, गच्चीच्या दाराशी दोरीने बांधलेली. काय पेरलं, कधी पेरलं, बियाणं कुठलं, कधी उगवलं, काय बिघडलं, पहिली तोडणी कधी, एवढंच लिहायचं. मोबाईलच्या ग्रुपवरचे फोटो महिन्याभरात खाली जातात, वही पुढच्या वर्षी पुन्हा उघडता येते. दोन वर्षांनी तुमच्या इमारतीच्या उन्हापावसाचं, तुमच्या मातीचं असं पुस्तक तयार होतं जे बाजारात कुठेही मिळणार नाही.

मुलांना आणा, पण त्यांना नुसतं फोटोपुरतं झारी धरायला लावू नका. त्यांना त्यांचा वाफा द्या आणि तो बिघडू द्या. बियाण्याच्या पाकिटातलं गुलाबी किंवा निळ्या रंगाचं बी मात्र त्यांच्या हाती देऊ नका, त्यावर औषध लावलेलं असतं. मोठ्यांनीही ते हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

बियाणं आपलं असू द्या

संकरित बियाण्याच्या झाडाचं बी धरून पुन्हा पेरलं तर पुढची पिढी तशीच निघेल याची खात्री नसते. सरळ आणि गावठी वाणाचं बी मात्र वर्षानुवर्षं धरता येतं. म्हणून गटाने निदान भेंडी, वाल, गवार आणि माठ यांची सरळ वाणं लावावीत. सगळ्यात निरोगी झाडाला दोरा बांधा, त्याच्या पहिल्या चांगल्या शेंगा तोडू नका, झाडावरच वाळू द्या. तडकायला लागल्या की काढा, सावलीत सुकवा, राख मिसळून बरणीत ठेवा आणि वर नाव-तारीख लिहा.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेचं तोंड न बघता असंच गावरान बियाणं जमवलं, बीज बँक उभी केली आणि इतर बायकांना शिकवलं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामाची सुरुवात घरच्या परसबागेतून आणि वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या जाणतेपणातून झाली होती. आज राज्यात बचत गटांच्या बायका पोषणासाठी परसबागा करतात, तिथेही बी एका घरातून दुसऱ्या घरात असंच जातं. तुमच्या गावी कुणाकडे जुना वाल, जुनी काकडी असेल तर पुढच्या खेपेला मूठभर बी मागून आणा.

फायदा किती, ते खरं सांगतो

या बागेने तुमचं भाजीचं बिल मिटणार नाही. गच्चीवरच्या वाफ्यांतून घरापुरती कोथिंबीर, मिरच्या, आठवड्याला एखादी पालेभाजी आणि हंगामात दोडकी-दुधी निघतील. पहिल्या वर्षी खर्च जास्त आणि भाजी कमी, असंच होईल. पैसे वाचवायलाच येणार असाल तर येऊ नका.

हाती येतं ते वेगळंच. तोडून तासाभरात ताटात आलेली मेथी कशी लागते ते कळतं. जे पिकवलं ते मुलं कुरकुर न करता खातात. दहा वर्षं एकाच लिफ्टने जाणारी माणसं पहिल्यांदा एकमेकांच्या घरी वाटी घेऊन जातात. निवृत्त माणसाला सकाळी उठायला कारण मिळतं. आणि आठ झाडांवरची फळमाशी आवरताना आपली ही गत, तर दोन एकर कारलं लावणाऱ्याची काय होत असेल, हे समजल्यावर भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करताना जीभ जरा जड होते.

तेव्हा शिबिराची, मोठ्या निधीची, मोकळ्या वेळेची वाट बघू नका. या रविवारी जिन्यात भेटणाऱ्या चार शेजाऱ्यांना विचारा. कमिटीला एका पानाचा अर्ज द्या. परवानगी येईपर्यंत आज रात्रीपासून ओला कचरा वेगळा काढा आणि फाटकावरच्या मामांना त्यांच्या गावी काय पिकतं ते विचारून ठेवा. जागा मिळाली की मेथी पेरा, प्रत्येकाने आपापल्या डब्यातली. आणि ज्यांना आधीपासून येतं त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की आपली बाग दाखवत बसू नका, शेजाऱ्याच्या हातात खुरपं द्या.